न ओरडलेला हात

सुरक्षा सप्ताहात आमच्या चाकणच्या कंपनीत पथनाट्य असतं, तेही शॉपफ्लोअरवरच. त्या वर्षी पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये हात सापडलेला कामगार मी करत होतो. नाटक बसवणारा फिटर तालमीत सारखा म्हणायचा, "भावा, अजून जोरात ओरड!" मला ते पटेना. शेजारच्या मशीनवर एकाचा हात गेलेला मी पाहिला होता. तो ओरडलाच नव्हता. नुसता हाताकडे बघत राहिला होता.

प्रयोगाला साहेब लोक पुढे खुर्च्यांवर बसले. मागे दुसरी प्रॉडक्शन लाइन चालूच होती. बंद प्रेसमध्ये मी हात घातला आणि नुसता हाताकडे बघत राहिलो. फिटर कोपऱ्यातून डोळे वटारत होता, तरी मी ओरडलो नाही. नाटक बघत हसणारे एकेक करून हसायचे थांबले.

मागच्या लाइनवरच्या एकाला ते खरंच वाटलं. त्याने लाल बटण दाबून अख्खी लाइन बंद केली.

"कुणी थांबवली रे?" साहेब खवळले. "नाटक आहे, कळत नाही?"

लाइन थांबली, याहून मोठी दाद मला कधी मिळाली नाही. पण डोकं अजून तापतं. खरा हात गेला, त्या दिवशी हीच लाइन शिफ्ट संपेपर्यंत चालू होती.