सोबत आलेल्यांनी बाहेर बसावे

आमच्याकडे दवाखान्यात एकट्यानं जायची पद्धत नव्हती. साधा ताप असला तरी सोबत कुणीतरी लागायचं, आणि डॉक्टरांशी बोलायचं ते सोबतच्यानं. पेशंटनं स्टुलावर बसायचं, जीभ दाखवायची, बाही वर करायची. फारच राहवलं नाही आणि पेशंटनं मध्ये एखादा शब्द टाकलाच, तर सोबतचा माणूस तो दुरुस्त करून पुढं सांगायचा. मी बी.एड. झालेला, भोकरदनच्या शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवणारा मास्तर. पानिपतावर तासभर बोलायचो. पण माझ्या स्वतःच्या दुखण्याबद्दल चार वर्षांत एकाही डॉक्टरपुढं मी एक पूर्ण वाक्य बोललो नव्हतो. माझ्या वतीनं भाऊ बोलायचे.

भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू. वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो आणि ते दहावीत. त्यांनी शाळा सोडली, टेंभुर्णीची शेती धरली, मला शिकवलं, नोकरीसाठी खेटे घातले, माझ्यासाठी मुलगीही त्यांनीच पाहिली. त्यांच्यापुढं माझं तोंड उघडत नसे. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची, आणि त्यांच्याबद्दल मायाही तेवढीच होती. या दोन्ही गोष्टी एका माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकतात हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

दुखणं नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं. छातीत धडधड व्हायची, हात गार पडायचे, झोप उडाली. आणि राग. एकदा वर्गात डस्टर भिरकावला, तो पोराला न लागता फळ्याला लागला म्हणून नोकरी राहिली. घरी ताट सरकवून उठायचो आणि दोन-दोन दिवस बायकोशी बोलायचो नाही. तीन वर्षांच्या मुलीमार्फत कारभार चालायचा. आईला म्हणावं टॉवेल दे, बाबांना म्हणावं चहा झालाय. मुलीला आधी तो खेळ वाटायचा, इकडून तिकडं पळत जायची. पुढं पुढं ती चालत जायला लागली.

मग दवाखाने सुरू झाले. भोकरदनच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. जालन्याच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली आणि हृदय ठणठणीत आहे असं सांगितलं, त्याचा मला आनंद होण्याऐवजी रागच आला. मधे भावकीतल्या कुणीतरी सुचवलं म्हणून उंबऱ्यावर लिंबू कापून झालं. या सगळ्यात भाऊंनी एक फाईल केली होती. केसपेपर, चिठ्ठ्या, रिपोर्ट, सगळं बराबर लावलेलं. ती फाईल त्यांच्याच पिशवीत असायची. टेंभुर्णीहून पहाटेची बस धरून ते यायचे, मला उचलायचे आणि पुढं घेऊन जायचे. कामं टाकून यायचे, आणि कधी कुरकूर केली नाही.

शेवटी कुणीतरी औरंगाबादचा डोक्याचा डॉक्टर सांगितला. डॉक्टरांनी घरच्या बाईमाणसालाही आणा असा निरोप दिला होता, म्हणून बायको आणि मुलगीही आल्या. पण आत गेलो आम्ही दोघं भाऊच. तपासायच्या खोलीला दार नव्हतं, हिरवा पडदा होता, आणि पडद्यापलीकडच्या बाकावर बायको मुलीला घेऊन बसली होती.

भाऊंनी फाईल उघडली. "झोप न्हाई, साहेब, सारखी चिडचिड करून राह्यला. पहिल्यांदा बिलकुल असा नव्हता. घरात शांतता न्हाई. बायको तोंडाची फटकळ हाय, त्याच्यानं झालं हे समदं."

माझी बायको दिवसाला वीस वाक्यं बोलत असेल, त्यातली दहा मुलीशी. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, असंच आहे का? मी मान हलवली. हो म्हणून हलवली. भाऊ बोलले आणि मी मान हलवली नाही असं आयुष्यात कधी झालंच नव्हतं. डॉक्टरांनी तीन ओळी लिहून चिठ्ठी दिली, ती फाईलला लागली.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीकडं तोंड करून बसली. श्रावण लागला, पंचमीला तिचा भाऊ न्यायला आला, आणि वाटूरला माहेरी गेलेली ती परत आलीच नाही. मुलगीही तिच्याबरोबर तिकडंच राहिली.

आमच्यात अशा वेळी बैठक बसते. सतरंजी अंथरायची, दोन्हीकडची मोठी माणसं समोरासमोर बसायची, चहा व्हायचा, आणि ज्यांचं भांडण त्यांना सोडून सगळ्यांनी बोलायचं. नवरा कोपऱ्यात खाली मान घालून, बायको आत. वाटूरला अशा दोन बैठका झाल्या. दोन्ही वेळा भाऊंनी माझ्या सासऱ्यांना विचारलं, पोरगी का येत न्हाई? सासरे आत जाऊन यायचे आणि म्हणायचे, ती काही सांगत न्हाई. तिसरी बैठक दिवाळीनंतर ठरली. तिसऱ्या बैठकीत समजूत घालत नाहीत, सोडचिठ्ठीचं बोलतात. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

मी हादरलो होतो. बायको गेल्यावर दोन खोल्यांच्या घरात चहा करताना मी आपोआप म्हणायचो, आईला म्हणावं साखर कुठंय. त्याच दिवसांत भाऊ फाईल माझ्याकडं विसरून गेले आणि मी पहिल्यांदा ती उघडली. औरंगाबादच्या चिठ्ठीवरच्या पहिल्या दोन ओळी गोळ्यांच्या होत्या. तिसऱ्या ओळीबद्दल भोकरदनचा मेडिकलवाला भाऊंना म्हणाला होता की हे इथं मिळत नाही, तिकडंच बघा. आणि भाऊंनी दोन गोळ्यांवर भागवलं होतं. मी ती ओळ नीट लावून वाचली. एका बाईंचं नाव होतं, पत्ता होता आणि वार, बुधवार. समुपदेशनासाठी, असं पुढं लिहिलं होतं. दोन महिने ते औषध आमच्या पिशवीत पडून होतं.

पहिल्या बुधवारी अर्थातच भाऊ सोबत होते. खाली पिठाची गिरणी, बाजूनं लोखंडी जिना, वर एक खोली. गिरणीच्या आवाजात वरचं बोलणं जिन्यावर ऐकू येत नसे. त्या मॅडम माझ्याहून वयानं लहान निघाल्या, तेव्हा भाऊंचा चेहरा पडला. तरी त्यांनी फाईल उघडलीच. मॅडम म्हणाल्या, "आपण बाहेर बसाल का?"

"पर त्याला सांगता येत न्हाई, मॅडम. मला समदं पाठ हाय."

"म्हणूनच म्हणते."

भाऊ उठले. फाईल हातात घेऊन ते जिन्यावर जाऊन बसले. दार बंद झालं आणि मॅडमनी विचारलं की तुम्हाला काय होतंय. मी दाराकडं पाहून म्हणालो, भाऊ सांगतील. त्या म्हणाल्या, मी थांबते. मग पाऊण तास मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, एकादश्यांसकट. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, पुढच्या बुधवारी या.

खाली उतरल्यावर भाऊंनी विचारलं, सुई दिली का? नाही. गोळ्या? नाही. नुसतं बसवून ठेवलं? त्यांच्या पाठीला जिन्यावरचं पीठ लागलं होतं. बसमध्ये ते म्हणाले, ही बाई आपल्या कामाची न्हाई, आपण पुण्याला दाखवू. मला त्यांचा राग आला. सिल्लोड येईपर्यंत तो टिकला, आणि मला जाणवलं की आज पहिल्यांदा ज्याचा राग आलाय तोच माणूस समोर आहे. नाहीतर एरवी मी तो भोकरदनपर्यंत नेऊन बायकोपुढं ओतायचो. या शोधाचं मला इतकं नवल वाटलं की मी गप्पच बसलो, पण पुण्यासाठी मान हलवली नाही.

पुढच्या मंगळवारी शाळेच्या फोनवरून टेंभुर्णीच्या दुकानात निरोप ठेवला, की उद्या येऊ नका, मी एकटा जातो. भाऊ संध्याकाळच्या बसनं आलेच. भांडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पिशवीतून फाईल काढून माझ्या हातात दिली. "घिऊन जा. कोणत्या गोळ्या झाल्या ते तुला ध्यानात राह्यचं न्हाई." पाणी पिऊन त्याच बसनं माघारी गेले. मी फाईल मांडीवर घेऊन बसलो आणि मला रडू आलं.

त्या बुधवारी मी बोललो. फार नाही, दहा-बारा वाक्यं, आणि तीही भाऊंबद्दलच. एकेक बुधवार असाच गेला. मॅडम फार काही सांगत नसत. एकदा मी तिसऱ्या बैठकीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं की बायको का गेली, हे तिला विचारलंय का? विचारलं की, दोनदा. कोणी? भाऊंनी. कोणाला? सासऱ्यांना. मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. आधी मला हसू आलं, आणि मग एकदम लाज वाटली.

माहेरी राहिलेल्या बायकोला आणायला नवरा स्वतः जात नाही. गेलाच तर चार माणसं घेऊन. एकटा गेला की तो वाकला असं समजतात. दिवाळीला तीन आठवडे उरले होते. मी भोकरदनहून जालना गाठलं, तिथून मंठ्याच्या बसनं वाटूर फाट्यावर उतरलो. सासरे ओट्यावर होते. त्यांनी माझ्या पाठीमागं रस्त्यावर पाहिलं.

"संगं कोण हाय?"

"कुणी नाही, मामा."

त्यांना काय करावं सुचेना. सवयीनं त्यांनी आतून सतरंजी आणून अंथरली आणि एवढ्या मोठ्या सतरंजीवर मी एकटाच बसलो. मुलगी दाराआडून पाहत होती. मी हात पुढं केला तर आत पळाली. ते मला फार लागलं. बायको पाणी घेऊन आली तेव्हा सासरे मुद्दाम गोठ्याकडं गेले. मी म्हणालो, "घरी चल म्हणायला आलो नाही. औरंगाबादला एक मॅडम आहेत, तिथं ये. तुझं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय." पत्ता लिहिलेला कागद मी सतरंजीवर ठेवला. तिनं तो उचलला नाही. "पाहू," म्हणाली.

पुढचे दोन बुधवार ती आली नाही. मी माझा तास भरून परतलो. तिसऱ्या बुधवारी, दिवाळीच्या तोंडावर, मी खोलीत बसलेलो असताना जिन्यावर दोघांची पावलं वाजली. ती आणि तिचा भाऊ. मेव्हणा आत आला, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि घसा साफ करून म्हणाला, "त्याचं असं हाय, मॅडम—"

मॅडमनी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "दादा, तू बाहीर बस."

तो तिच्याकडं पाहत राहिला, मग माझ्याकडं. मग उठून गेला. दार बंद झालं. खाली गिरणी चालू होती. बायकोनं पदर नीट केला आणि मॅडमकडं न पाहता सरळ माझ्याकडं पाहिलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, ती अशी पाहते हे मला माहीत नव्हतं.

"भाऊंचं मला काई न्हाई वाटलं," ती म्हणाली. "ते तसंच बोलतेत. मी तुमचं आयकत होते. डाक्टरनं इचारलं, असंच हाय का. मंग तुमचा आवाजच आला न्हाई. पडद्यातून काई दिसत नव्हतं. तुम्ही मान हलवली आसंल. कशी हलवली?"

श्रावणापासून ती या एका गोष्टीपाशी थांबली होती. दोन बैठका झाल्या, सतरंजीवरच्या पंधरा-वीस माणसांनी चहा घेतला, आणि हा प्रश्न ज्याला विचारायचा तो मी कोपऱ्यात खाली मान घालून बसलो होतो. तिला दिसलं नव्हतं. मी नाही म्हणून हलवली असं सांगितलं असतं तर खोटं पाडायला तिथं कुणी नव्हतं, आणि ती त्याच दिवशी घरी आली असती. माझे हात गार पडले. मी सवयीनं दाराकडं पाहिलं. दाराबाहेर तिचा भाऊ होता, माझा नव्हता.

"हो म्हणून हलवली," मी म्हणालो. "खोटं होतं ते. मला माहीत होतं, तरी हलवली. मी भाऊंना भ्यालो."

बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही, तसंच राहू दिलं. बाहेर मेव्हणा दोनदा खोकला. आमचा तास संपत आला तेव्हा ती पहिल्यांदा मॅडमकडं वळली.

"पुढल्या बुधवारी," तिनं विचारलं, "ह्यांनी आन् म्या किती वाजता यायचं?"