दसऱ्याला घासलेली गॅसची टाकी

जालन्यात मस्तगडला आमच्या घरातच सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एका खोलीत बाटल्या भरायचं मशीन आणि शेजारी सोड्यात मिसळायच्या गॅसची उंच लोखंडी टाकी. नवरा सांगायचा, "खिडकी उघडी ठेवत जा." मला वाटायचं, गॅस विकत आणायचा आणि खिडकीतून घालवायचा? मी चौथी शिकलेली होते, त्यामुळे मला सगळंच कळायचं.

दसऱ्याला कामाच्या वस्तूंची पूजा करायची, म्हणून मी टाकी साबणाने घासली. चावीजवळचा फेस काही केल्या जाईना. पुसला की पुन्हा बुडबुडे यायचे. मग मी आणखी जोरात घासलं. गॅस वाया जाऊ नये म्हणून दार-खिडकी लावून घेतली आणि सासूबाईंना पूजेला बसवलं.

जमिनीवरची समई विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"तुझ्या हाताला गुणच न्हाई," म्हणत सासूबाई भिंतीला टेकल्या. त्यांना धाप लागली होती. माझंही डोकं गरगरत होतं, तरी मी काड्या ओढतच होते.

तेवढ्यात नवऱ्याने दार ढकललं. आईला ओढत अंगणात नेलं, परत येऊन चावी आवळली.

"गॅस गळून राह्यला होता! ह्या गॅसात दिवा विझतो, माणूस गुदमरतो. गळती शोधायला साबणच लावतात. तू ती शोधलीस आणि पुसत बसलीस!"

सासूबाई पाणी पिऊन सावरल्या. पुढच्या दसऱ्याला त्यांनी टाकी बाहेर काढून पूजा अंगणात मांडायला लावली. स्वतः लांब ओट्यावर बसल्या आणि टाकीजवळ मला बसवलं.