पाटलांच्या ओट्यावरचा नारळ

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. घरात नाही, माहेरी नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, हे गावाला ठाऊक आहे. गप्प बाईच्या पोटात काय असेल, असा संशय कोण घेतो? मी मात्र सगळ्यांवर घेत आले. त्यातला एक संशय खोटा होता, आणि तो खोटा आहे हे मला तेव्हाच माहीत होतं — पण थांबा, आधी पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव पौडच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला. भाताची कापणी झाली की धनगरांची मेंढरं आमच्या वावरात बसतात. लेंड्यांचं खत आम्हाला होतं, बदल्यात आम्ही त्यांना धान्य देतो. आमच्याकडे बिरू यायचा आणि त्याची बायको तान्ही. माझ्या पहिल्या बाळंतपणात सुईण येईपर्यंत तान्हीच माझी कंबर धरून बसली होती. "वरडा, वैनी, वरडा! पाटलिणीला बी कळू द्या!" असं म्हणून तिनं मला त्या कळांतही हसवलं होतं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं मी कोणाशी केलं ते कळेल.

बिरूची मेंढरं एकदा पाटलांच्या हरभऱ्यात शिरली. मी ओढ्यावर धुणं धूत होते, करंजाच्या आड. पाटलांचा थोरला मुलगा काठी घेऊन आला. बिरू हात जोडून मागे सरत होता. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा डोक्यात. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात बिरूनं जीव सोडला. पाटलांनी सांगितलं, धोंड्यावरून पाय घसरला. पाहणारी मी एकटी.

तेव्हा मी बोलले. खरंच बोलले. पोलिसांना जबानी दिली, अंगठा न लावता सही केली. चौथी झालेली आमच्या आळीत मी एकटीच होते. मग पुण्याहून सरकारी वकील जागा बघायला आले. वयस्कर, जाडजूड, चालताना धापा टाकणारे. माझ्याशी आमच्या परसात बोलले, मी दाराआडून उत्तरं दिली. त्यांना माझी भीती कळली असावी. "कोर्टात माझ्याकडे बघून बोल, दुसऱ्या कोणाकडे बघू नकोस," असं म्हणाले. ते धरूनच मी राहिले — त्यांच्याकडे बघायचं, आणि बोलायचं.

आणि मग राज्य बदललं. मुंबईला नवे मुख्यमंत्री, नवे मंत्री. आम्हाला त्याचं काय? भात तेच, ओढा तोच. पण तारखेला मी पुण्याला गेले तेव्हा वकीलसाहेब आपल्या खोलीतली पुस्तकं गोणपाटात बांधत होते. मी दारातच उभी राहिले. ते हसले.

"घाबरू नकोस. सरकारी वकील सरकार नेमतं. नवं सरकार आलं की आम्ही राजीनामा लिहून देतो, ठेवायचं की नाही ते वरचे ठरवतात. कायदा नाही, रीत आहे. मीसुद्धा असाच आलो, एकाला उठवून त्याच्या खुर्चीत. खटला माझा नव्हे बाई, सरकारचा आहे. तुझी जबानी कागदावर आहे, ती माझ्याबरोबर जात नाही. आणि येणारा माझ्यापेक्षा कडक आहे."

हे सगळं त्यांनी मला सांगितलं. शब्द न् शब्द मला आठवतो. तुम्हीही हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी असं वागले की जणू मला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

गावात वेगळंच चाललं होतं. "पाटलांनी वरनं हलवलं म्हाताऱ्याला. आता आपला माणूस बसवला." हे कोण बोललं? सगळे बोलले. जुन्या वकिलाबरोबर जुनी जबानीही गेली, असं पारावर बसणारे छातीवर हात ठेवून सांगत होते. नवा गडी, नवं राज्य. मला ते ऐकायला बरं वाटू लागलं. कळतंय ना, बरं का वाटलं ते?

मला कोणी धमकावलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते. माझ्या मालकांनीसुद्धा, "तुला जे दिसलं ते तू जाण," एवढंच म्हटलं. पाटलीणबाई फक्त एकदा विहिरीवर थांबल्या. "बरी हायेस ना गं? लई वाळलीस," म्हणाल्या. बस्स. पण त्या का थांबल्या? आजवर कधी थांबल्या नव्हत्या. घरी येऊन मी ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं, जसं तांदळातला खडा बघावा. त्यांच्या सुनेनं पाठवलेली भाजी मी गुरांना घातली. मेंढरांजवळ अनोळखी माणूस दिसला तरी मला वाटे, माझ्यावरच नजर आहे.

नवे वकील एका सकाळी आले. बारीक, काळे, चष्मा. आमच्याकडे रीत अशी की पहिल्यांदा गावात आलेला सरकारी माणूस पाटलांच्या ओट्यावर टेकतो, गूळपाणी घेतो, आणि पाटील त्याच्या हातात नारळ देतात. मामलेदार असो, देवी टोचणारा असो. नाही म्हणणं म्हणजे गावाचा अपमान. नव्या वकिलांनी नारळ घेतला. मी कुडाच्या फटीतून पाहिलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मान लववली.

मी मनात म्हटलं — घेतला! विकला गेला! आता मी बोलून काय उपयोग?

जुन्यांनीही त्याच ओट्यावर, त्याच पाटलांकडून नारळ घेतला होता. तो पिशवीत घालून ते पुण्याला घेऊन गेले होते. ते मला आठवलं नाही का? आठवलं. आणि नव्यांनी काय केलं? ओढ्याची जागा पाहून परत जाताना ते मारुतीच्या देवळात थांबले, गुरवाच्या हातून तो नारळ फोडला आणि तिथे जमलेल्या बायापोरांना वाटला. माझ्याही हातावर गुरवानं तुकडा ठेवला. मी तो खाल्ला. गोड होता.

आता सांगा — मला काय कळायचं राहिलं होतं?

तारखेच्या दिवशी तान्ही आणि मी पौडवरून एकाच एस.टी.नं गेलो. साक्षीदारांना आत बसू देत नाहीत, एकेकाला हाक मारतात. माझं नाव तान्हीच्या आधी आलं. तान्ही बाहेर चिंचेखाली भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली. "माज्या वाटणीचं बी बोला, वैनी," म्हणाली.

आत नवे वकील उभे राहिले. त्यांनी विचारलं, ओढ्यावर काय पाहिलं? मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी पाटलांच्या फेट्याकडे पाहिलं. आणि म्हटलं, "मी पाठमोरी होते. मला काही दिसलं नाही."

त्यांना पहिल्यांदा वाटलं मी घाबरले. त्यांनी पाणी द्यायला सांगितलं. पुन्हा विचारलं. मग माझी जबानी वाचून दाखवली, सही दाखवली — ही तुमचीच ना? मी म्हटलं, सही माझी, मजकूर माझा नाही. मग त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं की साक्षीदार फितूर झाली आहे, आणि मला उलटतपासणीसारखं धरलं. धुणं किती होतं, करंज किती पावलांवर, आवाज कानावर आला का? तो माणूस विकला गेलेला नव्हता. विकला गेलेला माणूस एवढा घाम गाळतो का? मी एकेक प्रश्न परतवत होते आणि हे मला दिसत होतं. माझा आवाज, जो कधी फुटत नाही, त्या दिवशी स्वच्छ फुटला.

बाहेर आले तर तान्ही उठून उभी.

"सांगितलं न्हवं, वैनी?"

"सांगितलं," मी म्हटलं. "सगळं सांगितलं. पण वकील त्येंचा हाय, तान्हे. माजं बोलणं त्यानं लिहूच दिलं न्हाई. नारळ घेतला न्हवं त्यानं."

हे माझ्या तोंडून निघालं. ठरवलं नव्हतं, असं मी लिहिणार होते. पण खोटं इतकं तयार कसं निघालं असेल?

पाटलांचा मुलगा सुटला. निकालाच्या दिवशी वकील पायऱ्या उतरत होते, तेव्हा तान्ही त्यांच्यासमोर गेली आणि थुंकली. ते थांबले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "यांना विचारा." एवढंच. तान्हीनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. विचारायचं काय, असं तिला वाटलं असणार. पुढे पाटलांच्या गड्यांनीही तिला डिवचलं — "तुजीच साक्षीदार फिरली की गं!" तिनं त्यांना शिव्या घातल्या. खरं सांगणारे तिच्या नवऱ्याला मारणाऱ्यांचे लोक होते. मग ती विश्वास कोणावर ठेवणार?

अजून एक आहे. इथवर आले तर तेही लिहिते. धनगरवाड्यातल्या लोकांनी ठरवलं, त्या वकिलाची मुंबईला तक्रार करायची. लिहिता कोणाला येत होतं? तान्ही कागद घेऊन माझ्याकडे आली. 'सदर वकिलांनी आरोपीच्या घरी भेट स्वीकारली व साक्षीदाराचे म्हणणे दडपले' — हे वाक्य मी लिहिलं. शुद्ध लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

दोनेक वर्षांनी वर पुन्हा बदल झाले आणि ते वकील गेले. आमच्या अर्जामुळे गेले, की नव्या मंत्र्यांना आपला माणूस हवा होता म्हणून, हे मला ठाऊक नाही. मी स्वतःला कित्येकदा सांगितलं आहे — सरकारी वकील येतात नि जातात, ती रीतच आहे, जुने साहेबही म्हणाले होते. ते नवे वकील पाठीवर कसला डाग घेऊन गेले, हे मात्र जुन्या साहेबांच्या रीतीत बसत नाही.

यंदाही कापणीनंतर मेंढरं आमच्या वावरात बसली. तान्ही ओसरीवर आली, बरोबर नवी सून होती. सुनेला म्हणाली, "त्या मुडद्यानं तुज्या सासऱ्याचा जीव एका नारळावर इकला. ह्या वैनी तेवढ्या कोर्टात खऱ्या बोलल्या." सून वाकून माझ्या पाया पडली. तान्हीनं यंदा माझ्यासाठी घोंगडी आणली होती, स्वतः सूत कातून विणवून घेतलेली. मी ती घेतली. दोन्ही हातांनी घेतली आणि मान लववली.

बिरूला पाटलांच्या थोरल्या मुलानं मारलं. दोन फटके, एक खांद्यावर, एक डोक्यात. मी करंजाच्या आडून पाहिलं, माझं तोंड त्यांच्याच बाजूला होतं. वकिलांनी काही घेतलं नव्हतं. फिरले ती मी.

हे मी लिहिलं आहे, तान्हीला सांगितलेलं नाही. तान्हीला वाचता येत नाही, आणि हे लिहायला बसले तेव्हा ते मला माहीत होतं.