हिरवा तुकडा

काल पिंप्राळ्याच्या घरी खिडकीचे गज रंगवण्याआधी पॉलिश पेपरने गंज घासत होते. त्या लोखंडी वासाने भडगावचं अंगण आठवलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. माझे वडील नाना त्यांची लग्नातली सायकल मला देण्यासाठी घासत बसले होते. तेव्हा जावयाला नवी सायकल द्यायची रीत होती. "सासऱ्यांनी कोरी करकरीत दिली," असं नाना सगळ्यांना सांगायचे.

धुळ्याहून आलेल्या काकांना जुन्या सायकलींचा भारी नाद. त्यांनी हँडलखालचा बिल्ला नखाने खरवडला. बिल्ला पितळी निघाला. नानांच्या लग्नाच्या साली तर ॲल्युमिनियमचे बिल्ले यायला लागले होते.

"नाना, हाई सायकल तुना लगीनना पहिलेनी शे," काका म्हणाले.

नाना चिडले आणि दांडी आणखी जोरात घासू लागले. काळ्या रंगाखालून हिरवा रंग निघाला.

आई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "माझ्या वडिलांचीच ती. नवी घेणं जमलं नाही, म्हणून काळा रंग देऊन आणली."

नानांनी घासणं थांबवलं. मग म्हणाले, "म्हणून ते शेतात पायी जायचे? मला तर सांगायचे, चाललं की जेवण पचतं."

संध्याकाळी त्यांनी सायकल रंगवली, पण दांडीवरचा तो हिरवा तुकडा तसाच सोडला. तेव्हा मला ते ठिगळ वाटायचं. काल गज घासताना वाटलं, सगळीच सायकल घासून आजोबांची होती तशी हिरवी ठेवायला हवी होती.