उलटे उतरणारे व्याही

परमेश्वराने माणूस घडवला तेव्हा ड्रॉइंग तपासायला आमच्या व्याह्यांना बोलावलं नाही, याचा राग त्यांनी आजतागायत सोडलेला नाही. गुडघा हा त्यांच्या मते घाईघाईत उरकलेला सांधा आहे, आणि कंबर तर त्यांना बघवतच नाही. "विहीणबाई, चार पायांच्या जनावराचं मॉडेल घेतलं आणि तसंच उभं केलं! माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं असलं काम आणलं असतं तर मी त्याला वर्गात बसू दिलं नसतं," असं ते सांगतात आणि ते मॉडेल मीच पास केल्यासारखं माझ्याकडे रागाने बघतात. उभी हयात त्यांनी नगरच्या एका तंत्रनिकेतनात मेकॅनिक्स शिकवलं. भार कुठून येतो, कुठे जातो, वाटेत कोण दबतं, हा त्यांचा विषय. निवृत्त होऊन जामखेडला आपल्या घरी राहायला गेले तेव्हा फळा आणि पोरं मागे राहिली, विषय मात्र अंगाबरोबर आला. आता वर्ग नाही, म्हणून जो समोर येईल त्याला शिकवतात. शिंकतानासुद्धा आधी भिंत धरतात, मग शिंकतात. शिंकेचा धक्का मणक्यावर येतो म्हणे. भिंत लांब असली की शिंक अडवून धरतात, आणि तोवर त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

आमची पहिली भेट मुलगी बघायच्या कार्यक्रमात झाली. मुलीचा बाप म्हटला की कसा, दारापर्यंत येतो, हात जोडतो, प्रवासात त्रास नाही ना झाला म्हणतो. हे गृहस्थ दारापर्यंत आले खरे, पण आमच्याकडे न बघता खाली वाकले आणि माझ्या मुलाने काढून ठेवलेली चप्पल उचलून उलटी केली. आम्हाला वाटलं, कंपनी बघतायत. "टाचेची बाहेरची कड झिजलीय," ते म्हणाले. "चिरंजीव भार बाहेर टाकून चालतात." आमच्या यजमानांचा पारा तसा कायम वरच असतो. ते उंबऱ्यातच थांबले. "म्हणजे आमच्या मुलात खोट आहे का?" "छे छे, खोट नाही हो! लोडिंग सारखं नाही, एवढंच. बाकी मुलगा उत्तम आहे." मग पोहे पुढ्यात आल्यावर त्यांनी माझ्या मुलाला एका पायावर उभं राहायला सांगितलं. इकडे सगळे मुलगी बघत होते आणि मुलीचा बाप मुलाचा घोटा बघत होता. माझा लेक मुलीकडे बघत एका पायावर उभा राहिला तो जराही डगमगला नाही, तेव्हाच मी ओळखलं की हे लग्न होणार.

लग्न झालं, पण अल्बम उघडून बघा. एकाही फोटोत नवरा-नवरी मधोमध नाहीत. स्टेजच्या फळ्या मधे वाकतायत हे व्याह्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी दोन्ही खुर्च्या उचलून डाव्या खांबावर नेल्या. वर आहेर द्यायला चढलेल्या आमच्या चुलतसासऱ्यांना "तुम्ही जड आहात, तुम्ही खालूनच आशीर्वाद द्या" म्हणून परत पाठवलं. चुलतसासरे जेवले नाहीत. व्याही मात्र पंगतीत मला म्हणाले, "बघा, कुणी पडलं नाही ना?" आता न पडलेल्या स्टेजचं कौतुक कुणी करायचं?

रस्त्यावर तर त्यांना एकटं सोडायची सोय नाही. एकदा आम्ही त्यांच्या गाडीतून चाललो होतो. डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक बाई शेताच्या कडेने येत होती. व्याह्यांनी करकचून ब्रेक दाबला, खाली उतरले आणि तिला म्हणाले, "बाई, तुमचा मणका म्हणजे एक नंबरचा कॉलम आहे. भार कसा सरळ खाली जातोय! जरा पुन्हा चालून दाखवता?" बाईने हंडे न सांडता जे काही सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही. मागून तिचा नवरा आला. त्याला कॉलम म्हणजे खांब हे समजावून आम्ही निघालो तोवर ऊन कललं होतं. गाडीत बसल्यावर हे काय म्हणाले असतील? "पण बोलतानासुद्धा तिचा तोल गेला नाही!"

असा हा गावभरचे गुडघे वाचवणारा माणूस, आणि गुडघे गेले ते नेमके त्यांच्या घरात. आमच्या विहीणबाई, मी त्यांना ताई म्हणते, साध्या शेतकरी घरातल्या. जन्मभर उकिडवं बसून म्हशी पिळल्या, भाकऱ्या थापल्या, खुरपणी केली. "अगं, बसताना गुडघ्यावर किती दाब येतो माहितीय का?" असं व्याही ओट्यावरून ओरडायचे आणि ताई म्हणायच्या, "म्हस काय उबी ऱ्हाऊन पिळू व्हय?" शेवटी नगरच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे एक्स-रे बघून सांगितलं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील, आणि उशीर करू नका. व्याही लगेच तयार. ताई म्हणाल्या, आधी देवीला जाऊन येते. त्यांच्या माहेरची देवी डोंगरावर आहे, वर जायला दगडी पायऱ्या. आमची नात दिवस भरायच्या आधी झाली, काचेच्या पेटीत होती, तेव्हा ताईंनी नवस बोलला होता की पोर घरी आली तर चैत्रातल्या यात्रेला पायी चढून ओटी भरीन.

"डोली करू," व्याही म्हणाले.

"देवीनं पोर वाचवली, आन मी डोलीत बसून जाऊ? काय तोंड दाखवू तिला?"

"पोर डॉक्टरांनी वाचवली."

"व्हय. आन डाक्टरास्नी कुनी सुचवलं?"

व्याह्यांनी हा प्रश्न सोडला आणि पायऱ्यांचा धरला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "विहीणबाई, चढणं हा प्रश्नच नाही. चढताना दम लागतो, गुडघा जातो तो उतरताना. सगळं शरीर वाकलेल्या गुडघ्यावर आदळतं. पण तोंड वरच्या पायरीकडे करून उलटं उतरलं तर?" त्या दिवसापासून त्यांच्या घरी गच्चीच्या जिन्यावर तालीम सुरू झाली. ताई कठडा धरून उलट्या उतरायच्या, आणि हे एक पायरी खाली, तेही उलटेच, उजव्या हाताचा तळवा ताईंच्या पाठीला लावून. "डावा... लोड. उजवा... लोड. घाई नको, भार दे माझ्यावर." त्यांच्या शेजारच्या बाईने माझ्या सुनेला विचारलंसुद्धा, की तुझ्या वडलांनी कुठला गुरू केलाय का.

आणि ताई चढल्या! बसत, उठत, घाम पुसत चढल्या, ओटी भरली, आणि नवरा-बायको भर यात्रेत, देवीकडे तोंड करून, एकेक पायरी उलटी उतरले. व्याह्यांचे ओठ हलत होते, "लोड... लोड..." पण ढोल-ताशात ते ऐकू कुणाला जाणार? लोकांना वाटलं मंत्र म्हणतायत. कुणीतरी हात जोडले. दुसऱ्याने वाट दिली. एक म्हातारा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बगा रं, येवढा शिकलेला मानूस, पन देवीला पाठ दावीत न्हाई!" व्याही खालून ओरडले, "अहो, पाठीचा संबंध नाही, गुडघ्याचा आहे!" पण कोण ऐकतो?

त्या पावसाळ्यात ताईंचं ऑपरेशन झालं, दोन्ही गुडघ्यांचं. मग चालायला शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. व्याही पहिल्या दिवशी तिच्या शेजारी उभे राहून सूचना द्यायला लागले. ती गोड हसून म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?" आणि ज्या बाईने नवऱ्याचं आयुष्यभर ऐकलं नाही, तिने त्या पोरीचं अक्षर न् अक्षर ऐकलं. व्याही बाहेर ओट्यावर बसून राहायचे. मी भेटायला गेले तर म्हणाले, "बरोबर शिकवते पोरगी. चूक काढायला जागा नाही." हे त्यांनी इतक्या पडलेल्या आवाजात सांगितलं की चूक सापडली असती तर बरं झालं असतं असं मलाच वाटलं.

पुढच्या चैत्रात आम्ही सगळे यात्रेला गेलो. डोंगराच्या पायथ्यापासूनच मला हसू आवरेना. अख्खी यात्रा उलटी उतरत होती! पैलवान, पोरं, नवी जोडपी, सगळे देवीकडे तोंड करून मागे मागे येतायत, एकमेकांना टेकतायत. वर यात्रा कमिटीने पाटी लावलेली, "देवीस पाठ दाखवू नये. भाविकांनी उलटे उतरावे." व्याह्यांनी कमिटीच्या अध्यक्षाला गाठलं आणि बलाचं सगळं गणित समजावलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांच्या खांद्यावर शाल घातली. "सर, तुमी लई मोटी प्रथा घालून दिली." हातात नारळ घेऊन हा माणूस तसाच उभा. जन्मात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं साऱ्या गावाने ऐकलं होतं, आणि कारण एकालाही पटलेलं नव्हतं.

उतरायची वेळ झाली. मी नातीला कडेवर घेऊन मागे होते. व्याही सवयीने एक पायरी खाली गेले, वळले, तळवा वर धरला. ताईंनी पदर खोचला, कठडा धरला आणि त्यांच्या शेजारून सरळ खाली निघाल्या. अशा भराभर, की मला कौतुक वाटलं. हे तळवा तसाच धरून राहिले. मग एकटेच उलटे उतरायला लागले. हात पुढे, त्या पाठीच्या उंचीवर, आणि हातापुढे काही नाही. ओठही हलत नव्हते. मी हाक मारली, "ताई, जरा मागे बघा."

ताई थांबल्या. वर बघितलं. "या मान्साचं काय करावं बाई!" म्हणाल्या, आणि उतरलेल्या पायऱ्या पुन्हा चढून आल्या. नवऱ्याच्या वरच्या पायरीवर गेल्या, देवीकडे तोंड केलं आणि पाठ त्या तळव्याला लावली.

"हं, म्हना."

"काय?"

"लोड म्हना की. त्याबिगर माजा पाय पडत न्हाई."

मी बाजूलाच होते, मला स्वच्छ दिसत होतं. ताईंचा सगळा भार त्यांच्या नव्या गुडघ्यांवर होता. तळव्याला नुसता पदर टेकला होता. शिंकेचा धक्का मोजणाऱ्या माणसाला हे कळलं नसेल, असं मी तरी म्हणणार नाही. पण जगातली एकही चूक न सोडणारे आमचे व्याही खाली बघत, सावकाश, सगळ्या यात्रेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, "डावा... लोड. बरोबर. अजून दे माझ्यावर, अजून दे."