उसन्या पोरांची शाळा

"गोष्ट खरी पाहिजे. पोराचं नाव पाहिजे, बापाचं नाव पाहिजे, गाव पाहिजे. लोकांना वाटलं पाहिजे की शाळा आपलीच आहे," डिप्टी साहेब म्हणाले, आणि आम्ही सगळ्या मास्तरांनी माना हलवल्या. माना हलवण्यात मास्तरांचा हात कोणी धरू शकत नाही.

डिप्टी साहेब म्हणजे सरकारतर्फे शाळा तपासणारा अंमलदार. हे साहेब नवेच आले होते. मानोऱ्याच्या आठवडी बाजारात प्रत्येक मास्तरानं उभं राहून आपल्या वर्गातली एक गोष्ट लोकांना सांगायची, ही त्यांची टूम. टूम वाईट नव्हती. पण जे मास्तर साहेबासमोर खरं बोलत नाहीत, ते कांदे विकणाऱ्यांसमोर बोलतील, हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे!

माझं डोकं तर वेगळ्याच गोष्टीनं तापलेलं होतं. तांड्यावरची माझी एका मास्तराची शाळा बंद करावी, असा शेरा याच साहेबांनी नुकताच मारला होता. शेरा म्हणजे तपासणीनंतरचा लेखी हुकूमच. तो मंजूर झाला की तांड्याच्या पोरांनी खालच्या मोठ्या गावच्या शाळेत जायचं. मधे नाला. पावसाळ्यात त्याला बैल वाहून नेईल एवढं पाणी. कोणती माय आपलं लेकरू त्यातून धाडेल? पोरं शेळ्यांमागं जाणार आणि जन्मभर अंगठा उठवणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

हा शेरा बसला कसा, तेही ऐका. आमच्याकडे तेव्हा तपासणीला पोरं उसनी आणायची चाल होती. हसू नका. शेजारणीकडून विरजण आणावं तशी आणत. साहेबाला वर्गात जितकी पोरं दिसतील त्यावर शाळेचा दर्जा ठरे आणि दर्जावर हेडमास्तरांची बढती. मोठ्या गावचे हेडमास्तर गोविंदराव यात पक्के मुरलेले. माझी शाळा त्यांच्याच हाताखाली. तपासणीच्या दिवशी सकाळीच त्यांनी मला नकाशे आणायला मानोऱ्याला पिटाळलं, आणि माझी पाठ वळताच तांड्यावर बैलगाडी धाडून माझी सगळी पोरं उचलून नेली. गूळ-फुटाण्यांच्या बोलीवर.

साहेबांनी खाली भरलेला वर्ग पाहिला, शाबासकी दिली, आणि अचानक त्यांच्या मनात आलं, चला, तांडाही बघू. मी खांद्यावर नकाशांची गुंडाळी घेऊन, वाटेत खालच्या वर्गात माझी पोरं बसलेली बघून, नुकताच पोचलो होतो. शाळेत एक कुत्रं झोपलेलं.

"तुमचा वर्ग कुठे आहे?"

"खाली आहे साहेब. आत्ता तुम्ही तपासला, त्यातच."

साहेबांना मी उद्धट वाटलो. झालं, बसला शेरा!

मी गोविंदरावांकडे गेलो. म्हटलं, साहेबांना खरं सांगा. ते पान जमवत होते. म्हणाले, "काहून एवढा पेटून राह्यला गा? तुले घेतो ना माह्या शाळेत असिस्टंट म्हनून. तांड्याच्या पोराईचं काय, आज हायेत, उद्या कपाशी येचाले जातीन." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हाताखालच्या मास्तराचं मस्तक तापून कोणाचं काय बिघडतं?

तर, बाजाराचा दिवस. करीमभाई कापडवाल्यांनी दुकानासमोर तख्त टाकून दिलं. एकेक मास्तर चढू लागला. अहाहा, काय ते विद्यार्थी! कोणी सापडलेली अंगठी परत केलेली, कोणी वाघाला पाढे म्हणून पळवलेलं. एकाच्या पोरानं तर घरात दिवा नाही म्हणून काजव्यांच्या उजेडात अभ्यास केला. करीमभाई दुकानातूनच बोलले, "मास्तर, काजवे धराले त्याले उजेड कोनं देल्ला?"

मग गोविंदराव उठले. हुकमाप्रमाणे नाव-गाव सांगणं भाग होतं. आपल्या गावच्या पोराचं नाव घ्यावं, तर त्या पोरांचे बाप पुढंच मांडी घालून बसलेले. म्हणून त्यांनी तांड्याचं नाव काढलं. तांड्याची माणसं मास्तरांची बडबड ऐकायला कशाला थांबतील, हा त्यांचा हिशेब.

"तांड्याचा धनसिंग, हरसिंगाचा मुलगा," गोविंदराव गहिवरून म्हणाले, "पाटी डोक्यावर धरून रोज नाला ओलांडून माझ्या शाळेत येतो. अंगात ताप असला तरी येतो. मी म्हणतो, बाळा, घरी राहा. तो म्हणतो, गुरुजी, शाळा हीच माझी आई!"

दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, नाव-गाव सांगितलं की कसं खरं वाटतं."

तेवढ्यात मागून आवाज आला. शेळीचं दावं हातात धरून एक माणूस गर्दीतून पुढं येत होता.

"अजी हेडमास्तर, हरसिंग मीच हावो. पोराची माय जित्ती हाये. शाळा कायले माय व्हईन त्याची?"

बाजार फुटला हसून. हरसिंग मात्र हसला नाही.

"पोरगा तुमच्या शाळेत एकच रोज आला. साहेब येऊन राह्यले व्हते म्हनून तुमी गाडी धाडली व्हती. गूळ-फुटाने देतो म्हनलं. फुटाने देल्ले. गूळ देल्लाच नाई!"

"माही पोरगी बी नेल्ली व्हती," एक बाई ओरडली. गोविंदराव तख्तावरून उतरायला लागले, तर शेळी पायरीतच आडवी.

साहेब लाल झाले. मला म्हणाले, "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं साहेब. तुम्हाला उद्धटपणा वाटला."

साहेबांनी मग हरसिंगालाच विचारलं, तांड्यावर पोरं शाळेत येतात का?

"कपाशी येचाले जातो तवा नाई येत. तसं कायले खोटं बोलू? बाकी रोज येते. आता शाळाच उचलून नेली, तं कुठी येतीन?"

आठ-पंधरा दिवसांत शेरा रद्द झाला. तांड्याची शाळा राहिली. मीही राहिलो. गोविंदरावांचं काय झालं म्हणता? काय व्हायचंय! बदली झाली. तिथेही हेडमास्तरच.

साहेबांची टूम मात्र मेली. वरून सर्क्युलर आलं: यापुढे मास्तरांनी वर्गातली गोष्ट लोकांना सांगण्याआधी वरिष्ठांकडून पास करून घ्यावी, आणि तीत विद्यार्थ्याचं नाव-गाव घालू नये. म्हणजे चोर पकडला गेला, म्हणून कंदीलच विझवला. वा रे खातं!

मास्तरांनी वर्गातल्या गोष्टी लोकांपुढं सांगाव्यात, असं मी अजूनही म्हणतो. जरूर सांगाव्यात. फक्त ऐकायला पोराचा बाप उभा पाहिजे.