पालथा गालिचा

गालिचा पालथा अंथरणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो आमच्या घराण्यात निपजला याचा मला रास्त अभिमान आहे. हे माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. तिथल्या क्वार्टरची खिडकी जरा किलकिली केली की कोळशाची राख घरात हजर. अशा घरात त्यांनी लग्नानंतर हौसेनं, मोठ्या आईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पसंतीचा लाल वेलबुट्टीचा गालिचा आणला आणि राखेच्या धास्तीनं पालथा अंथरला. पुढे दूर बेसाला फ्लॅट घेतला, राख मागे राहिली, तरी गालिचा पालथाच. "सुलटी बाजू खास माणसासाठी हाय," ते म्हणत. व्याही येऊन गेले, नगरसेवक येऊन गेला. त्यांच्या लेखी खास कोणीच नव्हतं. आम्ही भावंडं त्या गालिच्याची नुसती पाठ बघत मोठी झालो. मोठी आई हसून म्हणायची, "माह्या तेरवीले तरी सुलटा करजा."

पण त्या न दिसणाऱ्या बाजूची बडदास्त विचारू नका. दर रविवारी गालिचा गच्चीच्या कठड्यावर जायचा. वाऱ्याकडे पाठ करून मोठे बाबा त्याला जुन्या बॅटनं धोपटायचे, मग जाड मीठ भुरभुरवून कुंच्यानं एकाच दिशेनं झाडायचे. घरात तर्री-पोहे झाले की बशी घेऊन सगळ्यांची रवानगी बाल्कनीत. कूलरच्या दमट हवेचं तर त्यांना वावडंच, म्हणून भर मे महिन्यात कूलरचं तोंड भिंतीकडे. त्यांच्या एका घामाघूम मित्रानं विचारलं, "काहून गा, भिंतीले हवा देऊन राहिला?" मोठे बाबा शांतपणे म्हणाले, "गालिच्याले ओल लागते. तुले घाम येते तं रुमाल हाय ना."

गेल्या हिवाळ्यात मोठ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. घरी आली ती पलंगाला खिळलीच. गुळगुळीत फरशीची तिला अशी धडकी भरली की पाय खाली टेकवेना. आत्ता चालल्या नाहीत तर गुडघे कायमचे आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही समजावून थकलो. मोठ्या बाबांनी बैठकीतला गालिचा उचलला, तिच्या पलंगापासून बाल्कनीच्या दारापर्यंत सुलटा अंथरला आणि गुडघ्यांवर बसून त्याच्या कडा फरशीला पक्क्या चिकटवल्या. खोली लाल झाली. मोठी आई बघतच राहिली.

"कोण पाहुणा येऊन राहिला?" तिनं विचारलं.

"तूच नं वं," मोठे बाबा म्हणाले. "ठेव पाय. मऊ हाय."

तिनं वॉकर धरला आणि पाय टेकवला. त्या दिवशी ती दारापर्यंत गेली नाही, पण अर्ध्या वाटेवर थांबून म्हणाली, "रंग चांगला निवडला होता मी." मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

आता ती रोज बाल्कनीत जाऊन बसते. एका रविवारी वॉकरनं दाबलेली लव सारखी करायला मी कुंचा घेऊन वाकलो, तर मोठ्या बाबांनी तो काढून घेतला. "राहू दे गा. ते तिचे ठसे हायेत." पाहुण्यांना अजून कडेकडेनंच चालावं लागतं, आणि कूलरही भिंतीकडेच बघतो. पलंगापासून दारापर्यंत मात्र लाल रंगात एक फिकी वाट पडत चालली आहे, आणि मोठे बाबा ती आल्यागेल्याला हौसेनं दाखवतात.